पाचशेचं टाका म्हणणं आधी बंद करा

"ताई नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो, वय ४२, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी, पगार ४८ हजार. २०१५ ची पेट्रोल वॅगनआर आहे, सेकंड हॅन्ड घेतलेली. रोज जाऊन येऊन ४२ किमी. पेट्रोलला महिन्याला साडेदहा हजार जातात, आठवड्यातून पाच वेळा पाचशेचं टाकतो तरी काटा वर येत नाही. बायको महिन्यातून दोनदा अक्कलकोटला आईकडे गाडी घेऊन जाते, त्यावरून आता घरात भांडणं व्हायला लागलीत. मुलगी नववीत आहे, तिला अडीच किमीवरच्या क्लासला सोडायचं आणायचं काम माझ्याकडं. घरची स्कूटी नुसती उभी आहे. मला वाटतं पंपावर मापात मारतात. एकजण म्हणतो सीमेपलीकडं कर्नाटकात धूळखेडला जाऊन भर, एकजण म्हणतो सीएनजी किट बसव (६० हजार सांगितलेत), भाऊ म्हणतो विक आणि इलेक्ट्रिक घे, सात लाखाचं लोन पडेल. कंपनीतले दोघं माझ्याच भागात राहतात पण मला कुणाचं मिंधं व्हायला आवडत नाही. काय करू?"

भाऊ, पत्र वाचलं आणि लगेच वही घेऊन बसले, कारण तुम्ही आकडे दिलेत. नुसती तक्रार करणारी पत्रं खूप येतात, आकडे देणारं एखादंच. आमचं अक्कलकोट रोडला गॅरेज होतं, बावीस वर्षं तिथली वही मीच लिहायचे, गाडी आली की नंबर, किमी, तक्रार काय, आणि निम्म्या गाड्यांपुढं तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द असायचा, अ‍ॅव्हरेज. मी विचारायचे किती देते? तर समोरचा सांगायचा, पूर्वी पाचशेत चार दिवस जायचे ताई, आता तीन पण जात नाहीत.

तुमचंही नेमकं हेच झालंय. २०१९ च्या सुरवातीला पेट्रोल ७५ च्या आसपास होतं तेव्हा पाचशेत साडेसहा लिटरच्या वर यायचं, आज १०५ धरला तर पावणेपाच लिटर येतं. म्हणजे नोट तीच, तोंडातून वाक्य तेच, "पाचशेचं टाका", आणि टाकीत जवळजवळ दोन लिटर कमी. काटा वर कसा येणार? यात तुमच्या गाडीचा काही दोष नाही आणि वहिनींचा तर नाहीच नाही. रुपयात पेट्रोल भरणाऱ्या माणसाला आपली गाडी किती पिते हे कधीच कळत नाही, त्याला फक्त खिसा रिकामा होतोय एवढं कळतं, मग तो राग घरात कुणावर तरी निघतो.

आता तुमच्याच पत्रातले आकडे मांडते, १०५ रुपये लिटर धरून. कंपनी, ४२ किमी गुणिले २५ दिवस, १०५० किमी. तुमची गाडी लिटरला १६ किमी देत असेल असं धरलं तर साधारण ६६ लिटर, म्हणजे ६९०० रुपये. अक्कलकोट, जाऊन येऊन ८० किमी, दोन खेपा, १६० किमी, सरळ रस्ता आहे त्यामुळं १८ धरू, ९ लिटर, साडेनऊशे रुपये. क्लास, अडीच किमी जायचं, परत यायचं, पुन्हा आणायला जायचं, परत यायचं, दिवसाला १० किमी, महिन्याचे २६० किमी. आता हे १६ च्या हिशोबाने मांडलं तर तुमचे साडेदहा हजार भरतच नाहीत. उरलेलं सगळं पेट्रोल, साधारण २५-२६ लिटर, म्हणजे २७०० रुपये, या क्लासच्या खेपांत जातंय.

म्हणजे बघा, ज्या खेपेवरून भांडण होतंय ती सगळ्यात स्वस्त, एकूण खर्चाच्या दहावा हिस्सा पण नाही, आणि जी खेप तुम्ही स्वतः करता, कुणाच्या लक्षात पण येत नाही, ती तिच्या जवळजवळ तिप्पट. हे मला तुम्हाला स्पष्ट सांगायचंय. आपल्याकडं बाई गाडी घेऊन माहेरी गेली की ते पेट्रोल जाळणं होतं आणि पुरुष दिवसातून चार वेळा चावी फिरवून कोपऱ्यापर्यंत गेला की ते काम असतं. वहीत तसं लिहिता येत नाही, वहीत फक्त लिटर लिहिता येतात.

क्लासच्या खेपा इतकं का पितात ते सांगते. इंजिन थंड असताना जास्त पेट्रोल ओढतं, गाडी व्यवस्थित गरम व्हायलाच चार-पाच किमी लागतात, आणि तुमचा क्लास अडीच किमीवर. म्हणजे इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोचलेले असता. त्यात मधे स्पीडब्रेकर, सिग्नल, पहिला दुसरा पहिला दुसरा गिअर. आणि क्लास सुटेपर्यंत बाहेर गाडी चालू ठेवून एसीत बसणं असेल (उन्हाळ्यात सगळेच बसतात, तुम्हीही बसत असणार) तर लहान गाडी नुसती उभी राहून एसीसकट तासाला पाऊण ते एक लिटर पिते. रोज वीस मिनिटं म्हटलं तरी महिन्याला सहा-सात लिटर एक इंच न हलता गेले. स्कूटी आहे म्हणताय ना घरात? ती ४५ देत असेल तर याच २६० किमीला सहा लिटर लागतील, सहाशे सव्वासहाशे रुपये. दोन हजार इथंच वाचले. लेकीला हेल्मेट घ्या आणि उद्यापासून स्कूटी काढा, बॅटरी उतरलेली असेल तर चार्ज करून घ्या. सायकलचं मी मुद्दाम बोलत नाही, कॉलनीच्या आतल्या रस्त्याला मैत्रिणींबरोबर जात असेल तर चांगलंच आहे, पण आपल्याकडं जड गाड्या शहरातून कशा सुटतात हे आपण रोज बघतो, मोठा रस्ता ओलांडून नववीतल्या पोरीला दोन हजारासाठी सायकलवर पाठवा असं मी सांगणार नाही.

आता मोठं पेट्रोल, कंपनीचं. तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, मिंधं व्हायला आवडत नाही, हे मी समजू शकते. माझे वडील गिरणीत होते, ते सुद्धा कुणाच्या सायकलवर डबल सीट बसायचे नाहीत, चालत जायचे. पण भाऊ, मिंधेपणा कधी येतो, एकजण देतो आणि दुसरा नुसता घेतो तेव्हा. इथं तर तिघांकडं गाड्या असतील तर एक आठवडा तुमची, एक आठवडा दुसऱ्याची, एक तिसऱ्याची, पैसे कुणी कुणाला द्यायचेच नाहीत. तुमच्या आठवड्यात ते दोघं तुमच्या गाडीत बसणार मग तुम्ही त्यांच्या गाडीत बसलात तर उपकार कुणाचे झाले? गॅरेजला एमआयडीसीतले चारजण यायचे, चौघांच्या चार जुन्या गाड्या, वर्षानुवर्षं आळीपाळीने जायचे, त्यांच्या गाड्यांचं वर्षाचं किमी इतरांच्या पाव हिस्सा, त्यामुळं टायर, क्लच, ऑइल सगळंच लांबायचं. पेट्रोल वाचतं ते दिसतं, बाकीचं वाचतं ते दिसत नाही एवढंच.

फक्त दोन गोष्टी पक्क्या ठेवा. एक म्हणजे वेळ, समजा आसरा चौकात सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ, पाच मिनिटं थांबायचं आणि निघायचं, राग मानायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, कारण असल्या गोष्टी पैशावरून मोडत नाहीत, वाट बघण्यावरून मोडतात. दुसरं म्हणजे सीटमागे भाडं घेऊ नका, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायला परवानगी नाही आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले त्यावर बोट ठेवतात. आळीपाळीत हा प्रश्नच येत नाही. ६६ लिटरचे २२ होतील. साडेचार हजाराच्या वर वाचले. आणि दोघांपैकी एकच तयार झाला तरी निम्मे वाचतात, तेवढ्यासाठी थांबू नका.

उद्या डबा खाताना विषय काढा. "पेट्रोल परवडेना बे, मिळून जायचं का?" एवढंच. मला तर वाटतं ते दोघं पण हेच मनात घेऊन बसले असतील, त्यांनाही त्याच दराने मिळतं.

बाकी गाडीचं. मिस्त्रीकडे जाल तेव्हा अ‍ॅव्हरेज कमी आहे एवढंच सांगून गाडी सोडून येऊ नका, नेमकं काय बघायचं ते सांगा. सगळ्यात आधी ब्रेक जाम आहे का. आपल्याकडं धुळीने कॅलिपर (चाकाजवळचा ब्रेक दाबणारा भाग) अडकतो, ब्रेक सोडला तरी थोडा धरूनच ठेवतो, ड्रायव्हरला कळत पण नाही, गाडी नुसती जड वाटते. घरी बघायचं असेल तर दहा-बारा किमी चालवून आल्यावर चारी चाकांजवळ हात न्या (चिकटवू नका, भाजेल), एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तेच. मग एअर फिल्टर, प्लग, क्लच स्लिप होतोय का. आणि हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्यावर किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ते लिहिलेलं असतं, पंधरा दिवसातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, तेवढीच भरा. कमी हवेने अ‍ॅव्हरेज दोन-तीन टक्के पडतं आणि मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर फुटतो, ते जास्त महत्त्वाचं.

पुणे हायवेला लागल्यावर शंभरने पळवता का? तो मोकळा पट्टा पंधरा किमीचा धरला तर ८० ने सव्वाअकरा मिनिटं लागतात, १०० ने नऊ. सव्वादोन मिनिटांसाठी दहा-पंधरा टक्के पेट्रोल जास्त जातं कारण वेग वाढला की हवेचा अडथळा त्याच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो. ८० धरा. आणि तुळजापूरचा घाट उतरताना न्यूट्रल करायची सवय असेल तर सोडून द्या, आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांना गिअरमधे ठेवून पाय काढला की इंजिन स्वतःच पेट्रोल बंद करतं, न्यूट्रलला उलट चालू राहण्यापुरतं पीतच राहतं. वर ब्रेकवर सगळा भार, घाटात ते बरं नाही.

एसी बंद करा असं मी सोलापुरात राहणाऱ्या माणसाला कधी सांगणार नाही. ४२-४३ डिग्रीत चारच्या उन्हात उभी असलेली गाडी म्हणजे भट्टी. पण बसल्या बसल्या फुल एसी लावू नका, चारी काचा खाली करून दोन मिनिटं चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा वर, मग एसी, त्याला निम्मं काम राहतं. शेडमधे किंवा लिंबाखाली लावायला जागा मिळाली तर शंभर पावलं चालायला लागली तरी लावा.

पंपावर मारतात का, हा तुमचा प्रश्न. कुणी मारत नाही असं मी म्हणणार नाही, पण संशय घेऊन झुरण्यापेक्षा तपासा, तो तुमचा हक्क आहे. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं, त्यात भरून दाखवा म्हणून सांगा, पाच लिटरला २५ मिली इकडंतिकडं चालतं, त्याच्यापेक्षा कमी आलं तर वैधमापन खात्याकडे तक्रार करायची. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागा, त्यावर थेंब टाकला की शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. सकाळी लवकर भरलं की घट्ट मिळतं आणि ४९५ किंवा ५१० चं भरलं की बरोबर मिळतं या दोन्ही गोष्टी सोडून द्या, टाक्या जमिनीखाली असतात, तिथं सकाळ दुपार फारसा फरक पडत नाही, आणि मशीनला तुमचा आकडा गोल आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही.

पण एक गोष्ट तुमच्या संशयात खरी आहे. पेट्रोलच बदललंय. आता पंपावर येतं त्यात २० टक्क्यापर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमधे पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकी गाड्यांचं अ‍ॅव्हरेज ६-७ टक्के पडू शकतं. तुमची २०१५ ची गाडी म्हणजे त्यातलीच धरा. यातलं काही इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं आहे, इतके कारखाने आहेत आपल्याकडं, शेतकऱ्याच्या बिलाला त्याचा हातभार लागतो हे मला मान्य आहे आणि पाहिजेच, पण मग ज्याला लिटरमागे कमी किमी मिळतात त्याला दरात तेवढी सूट मिळायला पाहिजे होती असं माझं ठाम मत आहे. तोपर्यंत एवढं करा, पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलचे रबरी पाइप आणि जॉइंट बघून घ्या, जुनं रबर इथेनॉलने कडक होतं, चिरतं, आणि पेट्रोलचा वास यायला लागला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि दराचा तुमचा राग, तो खोटा नाही. चिंचोळीला जाताना पाकणीच्या डेपोकडं वळणारे टँकर तुम्ही रोज बघता, पेट्रोल इतकं जवळ येऊन थांबतं, तरी दर आपल्या हातात काहीच नाही. २०१० ला पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सोडले, जून २०१७ पासून रोज बदलायची पद्धत आली, सांगितलं काय तर तेल उतरलं की लगेच फायदा मिळेल. आणि २०२० ला लॉकडाऊनमधे जगभर तेल मातीमोल झालं होतं तेव्हा मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरला १० रुपये कर वाढवला. नंतर नोव्हेंबर २०२१ ला ५ आणि मे २०२२ ला ८ कमी केला, जुलै २०२२ ला राज्याने व्हॅट ५ रुपयांनी उतरवला, मार्च २०२४ ला कंपन्यांनी २ रुपये कमी केले. जीएसटीत पेट्रोल नाहीच, त्यामुळं केंद्राचा कर वेगळा, राज्याचा वेगळा. ४८ हजारातले साडेदहा हजार ज्याचे जातात त्याने रागवायचं नाही तर कुणी. पण तो राग मतपेटीपाशी न्या, स्वयंपाकघरात नको.

आता लोकांचे सल्ले, हे पटकन. धूळखेड, तिथं लिटरला दोन रुपये कमी धरले आणि ३० लिटर भरलं तर ६० रुपये वाचले, आणि जाऊन यायला साठ-सत्तर किमी पडतात त्याचं पेट्रोल चारशेचं. विजापूरला निघालाच असाल तर वाटेत भरा, नाहीतर नको. लोहचुंबकाची पट्टी, टाकीत टाकायच्या गोळ्या, असलं काही कुणी सुचवलं तर हात जोडा, गॅरेजला असल्या पट्ट्या काढून आम्ही डबा भरला होता, एकाचंही अ‍ॅव्हरेज वाढलेलं वहीत नाही.

सीएनजी वाईट नाही. ९५ रुपये किलो आणि किलोला २३ किमी धरले तर किमीमागे तुमचे अडीच रुपये वाचतात, आजच्या धावण्यावर महिन्याला साडेतीन हजार, ६० हजार दीड वर्षात वसूल. पण आधी आळीपाळी आणि स्कूटी सुरू झाली की तुमची गाडी महिन्याला ५१० किमीच धावणार, मग तेच ६० हजार वसूल व्हायला चार वर्षं, आणि आरसी (गाडीची नोंदणी) २०३० ला संपते, सिलिंडरने डिकी गेली ती वेगळीच. म्हणून क्रम लक्षात घ्या, आधी धावणं कमी करा, तीन महिने बघा, मग किटचं ठरवा. बसवलंच तर आरसीवर नोंद करून, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची टेस्ट चुकवायची नाही, स्वस्तात कुणी असंच बसवून देतो म्हणाला तर त्याच्या दारात पण उभं राहू नका.

इलेक्ट्रिक गाडी चांगली, भावाचं मन पण चांगलं. पण सात लाख, सात वर्षं, ९ टक्के धरले तरी हप्ता अकरा हजार दोनशेच्या पुढं जातो. आज पेट्रोलच साडेदहाचं आहे. पेट्रोल वाचवायला पेट्रोलपेक्षा मोठा हप्ता घेऊ नका ओ, हप्ता तर गाडी उभी असली तरी जातो. ही गाडी खरंच संपेल तेव्हा इलेक्ट्रिकचा विचार जरूर करा, तोवर त्या हप्त्याची तयारी म्हणून वाचलेल्यातले पाच हजार वेगळे ठेवा, डाउन पेमेंट जमेल.

वही मात्र आजच घ्या, शंभर पानी चालेल. नेहमीच्या पंपावर जा, "टाकी फुल करा" म्हणा, नोझल आपोआप कट झालं की थांबवा, वरून कोंबायला लावू नका, ट्रिप मीटर शून्य. तीनशे किमी तरी चालवा, पुन्हा त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत, किती लिटर बसलं ते लिहा आणि किमीला त्या लिटरने भागा. मधे पाचशेचं टाकायचं नाही. महिन्याच्या सुरवातीला एकदम साडेतीन हजार काढायला जीवावर येईल, पण पुढं तुम्हाला कळेल की कुठल्या आठवड्यात कशाने किती गेलं. १६ च्या खाली दिसलं तर ब्रेक आणि हवा, १६-१७ दिसलं तर गाडी ठणठणीत आहे, तिला बोल लावू नका. मी सगळीकडं अंदाज धरलेत, तुमचा खरा आकडा वहीतूनच येईल, आला की मला कळवा.

अजून एक. वहिनींची पुढची खेप गुरुवारी आहे असं धरून चालते, कारण अक्कलकोटला माहेर असलेली बाई शक्यतो स्वामींच्या वारीच जाते. त्यांच्या आईचं वय होत चाललं असेल. तर बुधवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः जाऊन टाकी फुल करून आणा, हवा बघा, आणि वहीचं पहिलं पान त्यांनाच लिहायला द्या.